बिनदोऱ्याच्या मिरच्या

१

नवरा हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून लिफ्ट दुरुस्त करायला बाहेर पडला आणि ढब्बूचं पहिलं दूध झालं, की ती मिरच्यांची लग्नं लावायला बसायची. लग्नं हा शब्द नवऱ्याचा. “आज किती जोडपी?” असं तो बूट चढवता चढवता विचारायचा आणि स्वतःच हसायचा. सुरुवातीला तीही हसायची.

गॅलरीत सहा कुंड्या होत्या. त्यांची तिला काळजी नव्हती. तिथं वारा होता, मधमाश्या होत्या, ज्याचं काम तो करत होता. काळजी होती ती आतल्या पाचांची. थंडी पडल्यावर सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत जहाल अशी पाच झाडं तिनं ढब्बूच्या खोलीत आणली होती, कारण ऊन आणि ऊब दोन्ही असलेली घरात तेवढी एकच खोली. गॅलरीच्या काचेच्या सरकत्या दाराशेजारी छातीइतकी उंच लोखंडी मांडणी, तिच्यावर झाडं, वर पांढरी ट्यूब. समोरच्या भिंतीला ढब्बूचा कठड्याचा पलंग. झाडांना तिनं स्वभावावरून नावं ठेवली होती: खाष्ट, कजाग, तोंडाळ, आग्या, आणि एक मुकी, जिला वर्षभरात एकसुद्धा मिरची लागली नव्हती. “पाच तिखट आणि एक ढब्बू,” असा नवऱ्याचा दुसरा विनोद. ढब्बू नऊ महिन्यांची, गुबगुबीत, अजून धड रांगतही नव्हती. पोटावर पडल्या पडल्या घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरायची, तेवढंच.

बंद खोलीत मधमाशी येत नाही. मग तिचं काम माणसानं करायचं. रंगकामाचा सगळ्यांत बारीक ब्रश घ्यायचा, फुलाच्या पोटात टेकवायचा, मनगटातून अर्धा वळसा द्यायचा, अलगद उचलायचा. टेकव, वळव, उचल. मग पुढचं फूल. झालेल्या फुलाच्या देठाला ती लाल दोऱ्याची सैल गाठ मारायची. आई होण्याआधी ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. जे केलं त्यावर खूण केली नाही तर ते केलंच नाही, हे तिथं तिच्या हाडात मुरलं होतं. दोरा बांधलेली फुलं धरायची. बिनदोऱ्याची दिवसा-दोन दिवसांत पिवळी पडून गळायची. धक्क्यानं, पंख्याच्या वाऱ्यानं दहातलं एखादं चुकून धरतं, नाही असं नाही. पण एखादंच.

दिवसभरात ती जे जे करायची ते संध्याकाळपर्यंत पुसलं जायचं. दुपटी धुतली की ओली, भांडी घासली की खरकटी. या पाच झाडांवर मात्र आज केलेलं उद्या दिसायचं. म्हणून ती त्यांना इतकी चिकटून होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ते फारच केविलवाणं वाटलं असतं.

त्या मंगळवारी मुकीच्या मधल्या फांदीवर टाचणीच्या टोकाएवढी हिरवी मिरची दिसली. तिला इतका आनंद झाला की तिनं ढब्बूला कडेवर घेऊन दाखवली. “बघ, बोलायला लागली बाई एकदाची!” मग तिनं देठ नीट पाहिला.

दोरा नव्हता.

मांडणीखाली सुटून पडलेला दोरा शोधला. नव्हता. मुकीवर आणखी चार बिनदोऱ्याच्या मिरच्या होत्या. खाष्टवर सहा. आणि पाचही झाडांखाली, जिथं रोज सकाळी चार-दोन गळालेली फुलं सापडायची, तिथं एकसुद्धा फूल पडलेलं नव्हतं.

२

“तू माझा ब्रश घेतला होतास?”

“कशाला?” नवरा बुटाची नाडी सोडत म्हणाला. “दिवसभर लिफ्टच्या तारा ओढतो आणि घरी येऊन फुलांना गुदगुल्या करतो, असं वाटतंय तुला?”

“सरळ सांग ना.”

“नाही घेतला. बस? अगं, विसरली असशील दोरा बांधायला. परवा दूध फ्रिजऐवजी कपाटात ठेवलं होतंस.”

ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. नऊ महिन्यांत सलग तीन तासांपेक्षा जास्त झोप न मिळालेल्या बाईनं दूध कपाटात ठेवलं, की पुढचं सगळं त्याच्या खात्यावर जातं. पण कपाटातलं दूध वेगळं आणि अकरा गाठी वेगळ्या. हात ज्या कामाला सरावलेले असतात ते काम अकरा वेळा अर्धं राहत नाही.

तिनं शोध सुरू केला, म्हणजे ज्याला शोध म्हणता येईल असं काहीतरी. रोजचे आकडे एका वहीत टिपायला घेतले. पंखा बंद ठेवला. काचेच्या दाराच्या फटीत जुनं फडकं कोंबलं. ब्रश कपात ठेवताना केस वर, दांडा खाली, असा ठेवायची तिची पद्धत. बुधवारी दुपारी ढब्बूच्या झोपेनंतर पाहिलं तर ब्रश आडवा, मांडणीच्या कडेला, अगदी समांतर ठेवलेला. केसांना पिठासारखी फिकट पिवळट पूड. सकाळी काम झाल्यावर तिनं तो धुतला होता. की फक्त धुवायचं मनात आलं होतं?

गुरुवारी बिनदोऱ्याच्या मिरच्या तेवीस झाल्या.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला आला राग. हे घर भाड्याचं, नाव नवऱ्याचं, शरीर नऊ महिने बाळाचं. एवढी एक दोन हात लांब मांडणी तिची म्हणावी अशी होती, आणि तिच्यातही कुणीतरी हात घालत होतं. कोण, हा प्रश्न तिनं मुद्दामच पुढे ढकलला. आधी हात थांबवू, मग हाताचा मालक शोधू. तिनं ब्रश पुसला, लोखंडी कपाटात टाकला, किल्ली फिरवली आणि ती आपल्या झग्याच्या खिशात ठेवली.

“आता लाव लग्नं,” ती रिकाम्या खोलीला म्हणाली. स्वतःवर खूश झाली. ते समाधान जेमतेम एक दिवस टिकलं.

शुक्रवारी दुपारी ढब्बू किंचाळत उठली. रोजचं भुकेचं रडणं नव्हे ते. ती धावली. ढब्बूच्या दोन्ही पापण्या सुजून लाल झाल्या होत्या, मुठींनी ती डोळे चोळत होती आणि चोळलं की आणखी किंचाळत होती. मांडणीवर, खाष्टच्या फांदीला, एक पिकलेली मिरची मधोमध दबून फुटली होती.

३

“हात धुतले होतेस का?”

नवरा धावत घरी आला तो हेच विचारत. बालरोगतज्ज्ञांनी तेच विचारलं. त्यांच्या मदतनीस बाईंनी नाव लिहून घेताना, काही गरज नसताना, तेच विचारलं.

“मी आज मिरच्यांना हातच लावला नव्हता,” ती म्हणाली.

डॉक्टर ढब्बूच्या डोळ्यांत पाणी सोडत होते. “बुबुळाला काही नाही. वरवरची आग आहे, दोन दिवसांत जाईल. तिखटाचं असंच असतं, सकाळी चिरलं तरी संध्याकाळपर्यंत बोटांवर राहतं.” मग तिला ओलांडून नवऱ्याकडे बघत म्हणाले, “यांना झोप मिळते का पुरेशी? घरात मदतीला कुणी आहे?”

“मी इथंच बसलेय,” ती म्हणाली. “मला विचारा की.”

“हो, हो, तुम्हालाच विचारतोय,” डॉक्टर हसून म्हणाले, नवऱ्याकडेच बघत.

घरी येताना तिनं ढब्बूला खांद्यावर घेतलं होतं. रस्त्यावरच्या उजेडात त्या ओल्या पापण्या जवळून दिसल्या. डॉक्टरांच्या पाण्यानंही न गेलेलं काहीतरी केसांच्या मुळाशी चिकटलं होतं. फिकट, पिवळट. तिनं करंगळीनं टिपलं आणि जिभेला लावलं. तिखट नव्हतं. परागाला चव नसते.

“बघ,” तिनं बोट नवऱ्यापुढे धरलं. “हा पराग आहे. फुलातला. हा हिच्या पापणीवर कसा गेला?”

“तुझ्या हातानं,” नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि तिला त्याचाच जास्त संताप आला. “अगं, मी काय मुद्दाम बोलतो का? चुका होतात. झाडं गॅलरीत ठेवू, विषय संपवू.”

“गॅलरीत मरतील ती.”

“मरू देत.”

तिथं ती चुकली. पुढे कितीतरी वेळा तिनं त्या क्षणाकडे मागे वळून पाहिलं. झाडं हलवली असती तर काय झालं असतं, देव जाणे. पण तिनं हलवली नाहीत, आणि त्याचं कारण झाडांवरचं प्रेम नव्हतं. हलवायची म्हणजे कबूल करायचं. जे केलं नाही ते कबूल करायचं, डॉक्टरांपुढे, त्या मदतनीस बाईंपुढे, आणि आता नवरा रात्री फोन करून बोलावणार होता त्या सासूबाईंपुढे.

“झाडं तिथंच राहतील,” ती म्हणाली. “आणि माझे हात स्वच्छ होते.”

रविवारी पुन्हा तसंच झालं. ती फक्त दहा मिनिटं आंघोळीला गेली होती, नवरा बाहेर टीव्हीसमोर होता. ढब्बूच्या पापण्या लाल. बिनदोऱ्याच्या मिरच्या एकतीस. खोलीत उमललेल्या फुलांपैकी एकही वाया गेलेलं नव्हतं.

४

सासूबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. तीस वर्षं शिवणकामाच्या शिक्षिका होत्या, त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे बघताना त्यांची नजर आधी उसवलेल्या जागी जायची. सोमवारी सकाळी त्या पिशवी घेऊन आल्या, नातीला पाहिलं, मांडणी पाहिली, सुनेला पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, “बाळाच्या खोलीत मिरच्या. शिकलेल्या बायका तुम्ही.”

“आई, मी हात—”

“मी काही म्हटलंय का? बस तू. चहा ठेवते. तोंड बघ कसं झालंय.”

दोन दिवस सासूबाई दुपारभर ढब्बूच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. विणकाम करत, मध्येच डुलकी घेत, पण खोलीतच. दोन्ही दिवस ढब्बू दुधाच्या बाटलीसारखी शांत झोपली आणि हसत उठली. पापण्या गोऱ्यापान. आणि दोन्ही दिवस मांडणीखाली फुलं गळाली, सोमवारी पाच, मंगळवारी सात.

कुणी खोलीत असलं की ते येत नाही. तिला ते लख्ख दिसलं. पण तिच्या शोधाची वही फक्त तिच्याजवळ होती. बाकी सगळ्यांना त्याच आकड्यांतून दुसरंच काही दिसत होतं.

“हे बघ, पोरी,” मंगळवारी चहाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या. नवरा लवकर आला होता, आणि लवकर यायचं आधीच ठरलेलं असावं असं त्याच्या बसण्यावरून कळत होतं. “मी होते तर काही झालं नाही. मी वाईट अर्थानं म्हणत नाही. ढब्बूला मी घेऊन जाते चार दिवस. तू झोप. नुसती झोप.”

“चार दिवस म्हणजे किती?”

“चार म्हणजे चार. नाहीतर आठ.”

“ती अंगावर पिते, आई!”

“बाटलीनंही पिते. बघितलं ना मी.”

“तुम्ही दोघांनी ठरवलंय,” ती म्हणाली. कप खाली ठेवताना बशीवर आपटला. “मी माझ्या पोरीच्या डोळ्यांत मिरची घालते, असं ठरवलंय तुम्ही. बोला की तोंडानं! तिच्यासमोर म्हणा.”

ढब्बू आजीच्या मांडीवर चमचा चोखत होती. आवाज चढल्यावर तिचा ओठ थरथरला. नवऱ्यानं घाईघाईनं तिला उचललं आणि आईपासून, म्हणजे तिच्यापासून, थोडं पलीकडे वळवलं. ते वळवणं कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तिच्या आलं.

तिनं एक दिवस मागून घेतला. “परवा न्या. उद्याचा दिवस मला द्या.”

५

बुधवारी दीड वाजता सासूबाई बाहेरच्या खोलीत आडव्या झाल्या. ढब्बू झोपली. तिनं धुतलेल्या कपड्यांची बादली उचलली, काचेच्या दारातून गॅलरीत गेली, आणि दार मोठ्यानं सरकवून बंद केलं. खोली रिकामी आहे हे ज्याला कळायचं त्याला कळावं, इतक्या मोठ्यानं.

आपण काय करतोय हे तिला ठाऊक होतं. उंदराच्या पिंजऱ्यात लावतात तसं आपलं मूल आपण आत लावून ठेवलंय. एकदाच, ती स्वतःला सांगत होती. एकदा डोळ्यांनी पाहीन, मग मी आणि ते. आणि काहीच दिसलं नाही तर? मग सासूबाई खऱ्या, डॉक्टर खरे, आणि आपले हात आपल्याला न सांगता कामं करतात. यातलं काय जास्त वाईट, ते तिला ठरवता येईना.

तिनं दोन दुपटी वाळत घातली आणि त्यांच्याआड, सहा कुंड्यांच्या मागे, उकिडवी बसली. थंड ऊन होतं. गॅलरीतल्या फुलांवर दोन मधमाश्या रेंगाळत होत्या. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. काचेत आकाश पडलं होतं, वाळत घातलेली दुपटी पडली होती, आणि त्या दोन्हींच्या मधल्या हातभर जागेतून आतलं दिसत होतं: मांडणी, ट्यूब, पलंगाचा कठडा.

पाच मिनिटं. दहा. पाय मुंग्यांनी भरले. माश्या गुणगुणत होत्या. वारा आला, दुपटं हललं, काचेतलं आकाश सरकलं, पुन्हा जागेवर आलं.

पलंग रिकामा होता.

तिला वाटलं, कोन बदलला असेल. तिनं मान तिरकी केली. मग नजर मांडणीकडे गेली आणि तिथंच राहिली.

ढब्बू मांडणीसमोर होती. छातीइतक्या उंचीवर. पाय खाली लोंबत होते, एक मोजा निम्मा निघालेला. गाढ झोपलेली, मान सैल, पण हनुवटी वर धरलेली. दोन्ही गालांवर खळ्या पडल्या होत्या, या बाजूनं एक आणि त्या बाजूनं एक, अंगठा आणि बोट रुतावं तशा. अंगठाही नव्हता आणि बोटही नव्हतं. चेहरा एका पांढऱ्या फुलाजवळ गेला. मिटलेली पापणी फुलाच्या पोटात टेकली. अर्धा वळसा. अलगद वर.

मग पुढचं फूल.

टेकव, वळव, उचल. तो वळसा तिचा होता. मनगटातला तो छोटासा झोका, उचलताना अर्धा क्षण थांबणं, सगळं तिचं. रोज सकाळी, या मांडणीसमोर, कुणीतरी तिच्या खांद्यामागे उभं राहून शिकलं होतं. आधी ब्रशनं करत होतं. तिनं ब्रश काढून घेतला होता, कुलूप लावलं होतं, वर टोमणा मारला होता. मग त्यानं घरातलं दुसरं सगळ्यांत मऊ शोधलं.

कुंडी पडली, फुटली. दार तिनं कसं उघडलं ते आठवत नाही. ती आत घुसली तेव्हा ढब्बू अजून अधांतरी होती, आणि ती पडली नाही. दोन हात पुढे होताच ते कोवळं, झोपेनं जड झालेलं वजन तिच्या हातांत आलं. सावकाश. मान सावरून. दमलेल्या बाईच्या हातात दुसऱ्या बाईनं तिचं मूल द्यावं, तसं दिलं गेलं.

६

तिनं ढब्बूला खाली ठेवलंच नाही. संध्याकाळी एका हातानं कपाट उघडलं, ब्रश काढला, मांडणीवर समांतर ठेवला. “हा घे,” ती दातांतून म्हणाली. “तुझा तुला. तिला शिवू नकोस.” रात्रभर ढब्बू दोघांच्या मध्ये होती आणि तिचा हात ढब्बूच्या पोटावर.

सकाळी ब्रश मांडणीवर नव्हता. तो कचऱ्याच्या डब्यात होता, सुकलेल्या पानांवर, नीट आडवा ठेवलेला. ज्याला चांगलं हत्यार सापडलंय तो जुन्याकडे परत जात नाही. प्रयोगशाळेत नवी उपकरणं आल्यावर तीही जुन्यांकडे परत गेली नव्हती.

मग तिनं कात्री घेतली. मुकीच्या बुंध्याशी पाती लावली, आणि थांबली. ब्रश काढून घेतला तेव्हा त्यानं पापण्या घेतल्या. झाडं काढून घेतली तर? त्याला काम हवं होतं. फुलं इथं आहेत तोवर ते इथं असेल. सासूबाई बसल्या होत्या तेव्हा ते थांबलं होतं, पण ते याच खोलीत थांबलं होतं, कारण फुलं याच खोलीत होती. फुलं नसतील तर ते कशाच्या मागे जाईल, याचा विचार तिनं एका दमात पूर्ण केला आणि कात्री खिशात टाकली. ढब्बूनं इथून जायचं. झाडांनी राहायचं. आणि झाडांना जगवायला कुणीतरी राहायचं.

टेबलापाशी नवरा आणि सासूबाई बसले होते. ती समोर उभी राहिली.

खरं सांगितलं तर काय होईल, तेही तिला दिसत होतं. ते दोघं एकमेकांकडे बघतील. डॉक्टरांना फोन जाईल. तिलाही गाडीत घालतील, प्रेमानं, शाल पांघरून. घराला कुलूप लागेल, आठवड्यात झाडं वाळतील. आणि मग ते मोकळं.

“मी हात धुतले नव्हते,” ती म्हणाली.

“तिन्ही वेळा?” नवऱ्यानं विचारलं. दोनदाच झालं होतं. त्याला आकडासुद्धा धड माहीत नव्हता. तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं, तिनं ते गिळलं.

“हो. तिन्ही वेळा. खोटं बोलले मी. ढब्बूला घेऊन जा, आई. चार नको, महिनाभर ठेवा. तूही जा तिच्याबरोबर. मी इथं झोपा काढते.”

नवऱ्यानं चेहरा हातांत घेतला. “एवढं आधी बोलली असतीस तर?” तो म्हणाला. “मी काय खाल्लं असतं का तुला?”

निघताना सासूबाई जिन्यात तिच्याजवळ थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझ्याही हातून एकदा हा पडला होता. सहा महिन्यांचा होता. वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही मी. होतं गं. आई झालो म्हणून काय आपले हात देवाचे होत नाहीत.” आणि त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

तिला वाटलं होतं, दोष सहन करणं अवघड जाईल. तसं काही झालं नाही. अवघड गेली ती माफी. जे केलंच नाही त्याची माफी इतक्या मायेनं मिळत होती, आणि ती घेऊन मान डोलवावी लागत होती. तिला ओरडावंसं वाटलं. तिनं मान डोलवली.

खाली गाडीचं दार लागलं. ढब्बू मागच्या काचेतून वर बघत होती, की नुसतीच ढगाकडे, सांगता आलं नाही. गाडी वळली. तिच्या अंगावरच्या झग्याला दोन ओले डाग पडले. दुधाची वेळ झाली होती.

७

दीड वाजता तिनं झाडांना पाणी घातलं. एका वेळी अठरा फुलं उमलली होती, इतकी कधीच नव्हती. तिनं मांडणीसमोर स्टूल ओढलं, बसली, दरवाजा लावून घेतला.

“ये,” ती म्हणाली.

काहीच झालं नाही. ट्यूब गुणगुणत होती. काचेपलीकडे फुटलेल्या कुंडीची माती तशीच पडली होती. पलंगावरच्या चादरीत ढब्बूच्या डोक्याचा खळगा होता, तिकडे तिनं पाहिलं नाही.

“मला बघून लाजतोस? आज दुसरं कुणी नाही. मी हलणार नाही. रोज बसेन, याच वेळी. फुलं मी आणीन, तू लाव तुझी लग्नं. पण एक ऐक. तिच्यामागे गेलास तर...” वाक्य पुरं करण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. धमकी द्यायची तर ज्याला द्यायची त्याच्याकडे मान तरी हवी, जी पिरगळता येईल. तिच्या मुठी वळल्या आणि तशाच मांडीवर राहिल्या.

हवेत झाडांचा हिरवट, किंचित झोंबणारा वास होता. लोखंडी मांडणी एकदा बारीक कुरकुरली, कुणी टेकल्यासारखी.

हनुवटीखाली काहीतरी आलं. थंड नव्हतं, गरम नव्हतं. हनुवटी वर उचलली गेली, एका गालात रुतलं, मग दुसऱ्या. ती ताठ बसून राहिली, डोळे टक्क उघडे. सगळा राग तिनं डोळ्यांत आणून ठेवला होता. समोर फक्त मुकीची पानं दिसत होती, आणि पानांपुढची हवा, जी पानांपेक्षा जरा जास्त स्थिर होती.

उघडी पापणी फुलात टेकवता येत नाही. त्यालाही ते कळलं असावं. ते थांबलं.

मग तिच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये, हलकं थोपटणं सुरू झालं. लयीत. ढब्बूला झोपवताना ती थोपटायची त्याच लयीत. नऊ महिने तिला कुणी झोपवलं नव्हतं. डोक्याच्या मागून, मणक्यातून, सगळी झोप एकदम वर चढत आली.

“मिटणार नाही,” ती म्हणाली. आवाज रागानं कापत होता. “समजलं? नाही मिटणार.”

थोपटणं थांबलं नाही. त्याला घाई नव्हती.